माऊस कुणाच्या हातात?

अगं, अंधेरीच्या त्या ऑफिसातले तीन जुने कॉम्प्युटर तुमच्या पाड्यावरच्या अभ्यासिकेला मिळणार, हे सांगताना फोनवर तुझा आवाज कसा नाचत होता! मलाही मनापासून आनंद झाला. पण पुढे तू म्हणालीस, "ताई, आता एक प्रोजेक्टर मिळाला ना, तर सगळ्यांना एकदम व्हिडिओ दाखवता येतील," तेव्हा मी गप्प झाले. तुझ्या ते लक्षात आलं असणार. फोनवर घाईत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय. पोरं घरी गेली की निवांत वाच.

माझं सांगणं एवढंच आहे, की त्या यंत्रांवर मुलांना काही दाखवत बसू नकोस, मुलांकडून काही घडवून घे. माऊस मुलांच्या हातात हवा, कीबोर्ड मुलांच्या हातात हवा, आणि पडद्यावर जे उमटेल ते त्यांनी केलेलं हवं. आरे वसाहतीतल्या मुलांना पडद्यासमोर गप्प बसायची सवय आधीच आहे. घरातला मोबाईल ते काम रोज करतो. त्यासाठी तुझी अभ्यासिका कशाला हवी?

आणि तू स्वतःला कमी लेखतेस, ते आधी थांबव. "मी काय, साधी बी.ए. करणारी, मला कुठे कॉम्प्युटर येतो," हे तुझं वाक्य मला खटकलं. तुला एक खरी गोष्ट सांगते. २००० सालच्या आसपास गुजरात सरकारने वडोदऱ्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले होते. शिकवण्यासाठी ते फारच थोड्या शाळांत वापरले जात होते. मग 'प्रथम' या संस्थेने तिथे चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले. एका कॉम्प्युटरवर दोन मुलं, आठवड्याला दोन तास. मुलांचं गणित चांगलंच सुधारलं. भाषेत मात्र फरक पडला नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात गणितातलीही बरीचशी कमाई ओसरली.

त्याच सुमारास 'प्रथम'चाच दुसरा प्रयोग वडोदऱ्यात आणि आपल्या मुंबईत, कुर्ल्याकडच्या एल वॉर्डातल्या पालिका शाळांत चालू होता. त्यात यंत्र काहीच नव्हतं. वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची आणि त्यांना वाचायला, बेरीज-वजाबाकी करायला शिकवायची. तिला बालसखी म्हणत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही प्रयोग मोजले आणि २००७ साली निष्कर्ष छापले. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं, तेच हे दोघे. गणितापुरती उडी कॉम्प्युटरवाल्या मुलांची मोठी होती. पण खर्चाचा हिशेब मांडला, तर तेवढ्याच पैशात बालसखीने पाच ते सात पट जास्त शिकवलं होतं.

तू म्हणजे ती बालसखी आहेस. पाड्यावरची आहेस, मुलांची घरं तुला माहीत आहेत, कुणाचा बाप तबेल्यात जातो, कुणाची आई फिल्म सिटीत झाडलोट करते, कोण सकाळी न खाता शाळेत जातं, हे तुला ठाऊक आहे. ते तीन कॉम्प्युटर तुझ्या मदतीला येताहेत. तुझी जागा घ्यायला येत नाहीत.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. लिंडन यांनी गुजरातेतच 'ज्ञानशाला' नावाच्या संस्थेच्या वर्गांत आणखी एक तपासणी केली. काही शाळांत शिकवण्याच्या वेळातलाच एक तुकडा कॉम्प्युटरला दिला, काही शाळांत शाळा सुटल्यावर जादा वेळ दिला. जिथे बाईंचा वेळ कापून यंत्राला दिला, तिथली मुलं चक्क मागे पडली. जिथे यंत्र वरचं म्हणून आलं, तिथे मुलांना फायदा झाला, आणि त्यातही जी मुलं आधी कच्ची होती त्यांना जास्त. म्हणून तुझा रोजचा वाचनाचा तास आहे तसाच ठेव. गोष्ट वाचून दाखवणं, फळ्यावरची उदाहरणं, पाढे, यातलं काही कमी करू नकोस. कॉम्प्युटर त्यानंतर, आणि एका मुलाला आठवड्यातून दोनदा मिळाला तरी भरपूर झालं.

एका यंत्रापाशी दोनच मुलं बसव, फार तर तीन. पुरेशी यंत्रं नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. दोघं बसली की बोलतात, भांडतात, "असं नाही, तसं कर" म्हणून एकमेकांना समजावतात, आणि त्या बोलण्यातच अर्धं शिकणं होतं. फक्त दहा-दहा मिनिटांनी माऊस बदलायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून घाल. घड्याळ भिंतीवर लाव आणि वेळ सांगायचं काम मुलांतल्याच एकाला दे. नियम नसेल तर काय होतं ते मी इतक्या वर्गांत पाहिलंय: दांडगा मुलगा मधे बसतो, त्याच्या एका बाजूला त्याचा दोस्त, आणि मागे उभ्या राहून मुली बघतात. त्या बघण्याला मी शिकणं म्हणणार नाही. यावर पुढे आणखी बोलायचंय मला.

कुणीतरी तुला सांगेल, मुलांना मोकळं सोडा, ती आपोआप शिकतात. १९९९ मध्ये सुगत मित्रांनी दिल्लीत, कालकाजीच्या झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि मुलं कुणी न शिकवता तो चालवायला लागली, ती गोष्ट जगभर गाजली. खरीच आहे ती. मुलं माऊस हलवायला, चित्रं काढायला, खेळ खेळायला भराभर शिकली. पण नंतर तिथे जाऊन पाहणाऱ्या मार्क वॉर्शावर यांना दिसलं ते हेच, की मुलांचा बहुतेक वेळ चित्रं रंगवण्यात आणि खेळांत जातोय, आणि हिंदीतलं काही फारसं उपलब्धच नाही. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. २००९ च्या सुमारास मित्रांनीच इंग्लंडमधल्या स्वयंसेवकांना व्हिडिओवरून भारतातल्या मुलांशी जोडलं. या मंडळींना 'ग्रॅनी क्लाऊड' असं नाव पडलं, म्हणजे त्यांचं काम आजीचं. शिकवायचं नाही, फक्त पाठीशी उभं राहून कौतुकाने विचारायचं, हे तू कसं केलंस गं? मला दाखव ना पुन्हा.

अगं, आपल्याकडे आज्या व्हिडिओवरून कशाला बोलवायच्या? तुमच्या पाड्यावर आहेत की! आठवड्यातून एक दिवस दोन-तीन आज्यांना अभ्यासिकेत बसव. त्यांना कॉम्प्युटर कळायची गरज नाही. नातवाने आजीला समजावून सांगितलं की नातवालाच नीट समजतं. आणि घरच्यांना कळतं की पोरं आत काय करतात. त्या विश्वासाचा पुढे तुला उपयोग होईल, विशेषतः मुलींच्या बाबतीत.

आता, काय घडवून घ्यायचं ते. माझा जीव जडलाय एका कासवावर. सिमोर पापर्ट नावाचे गणितज्ञ होते. जीनिव्हात पियाजे यांच्याबरोबर मुलांच्या विचारांचा अभ्यास करून ते अमेरिकेत गेले आणि १९६७ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा बनवली. पुढे १९८० मध्ये 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा आग्रह असा, की कॉम्प्युटरने मुलाला हुकूम सोडू नयेत, मुलाने कॉम्प्युटरला सोडावेत. पडद्यावर एक कासव असतं. 'फॉरवर्ड १००' लिहिलं की ते शंभर पावलं पुढे जातं, 'राइट ९०' लिहिलं की काटकोनात उजवीकडे वळतं, आणि जाताना रेघ ओढतं. लिब्रेऑफिस हे फुकट मिळणारं ऑफिस सॉफ्टवेअर आहे ना, त्याच्या रायटरमध्ये हे कासव लिब्रेलोगो या नावाने आयतंच मिळतं. जुन्या मशीनवरही चालतं, इंटरनेट लागत नाही.

या कासवाकडून वारली चित्र काढून घ्यायला सांग.

विचार कर. वारली माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. डोकं गोल. देवचौक चौकोनी. तुमच्या मुलांनी हे आकार भिंतीवर, लग्नाच्या चौकात, आजीच्या हाताखाली पाहिलेत. आता तोच त्रिकोण कासवाला शब्दांत सांगायचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा. म्हणून मुलं 'राइट ६०' लिहितात, तीनदा लिहितात, आणि त्रिकोण होतच नाही! कासव भलतीकडेच जातं. तसंच सहा वेळा चालवलं तर षट्कोन तयार होतो. तेव्हा तू उत्तर सांगू नकोस, कितीही मोह झाला तरी. मुलाला उठव आणि अंगणात खडूने आखलेल्या त्रिकोणावर चालायला लाव. कोपऱ्यावर आल्यावर आपण किती वळलो? थोडं नाही, चांगलेच मागे फिरलो. एकशे वीस! ते त्याचं त्याला पायांनी कळू दे. बाह्यकोन ही गोष्ट पुढे सातवी-आठवीत मुलं घोकून पाठ करतात, इथे ती तिसरीतल्या पोराच्या अंगात उतरते.

मोठ्या मुलांना तारपा नाचाची फेरी द्यायची. मधे तारपा वाजवणारा, आणि भोवती सापासारखी गुंडाळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. कासव दर वळणाला थोडं थोडं जास्त पुढे गेलं तर ही गुंडाळी तयार होते. 'थोडं जास्त' हे यंत्राला कसं सांगायचं, इथे चल संख्या येते, बीजगणिताचा पहिला धडा. तुमच्या समाजाची कला पाहुण्यांच्या पिशव्यांवर छापून विकली जाते, पण तिच्यातलं गणित तुमच्याच मुलांना कुणी उलगडून दाखवलेलं नसतं. हे तुला करता येईल, आणि मला करता येईल त्यापेक्षा चांगलं करता येईल.

दुसरं काम आरेचं. तुझ्या दाराशी जंगल आहे. हा सगळा पट्टा १९४९ मध्ये दुधासाठी बाजूला काढला गेला, दारा खुरोडींनी इथे तबेल्यांची युनिटं उभी केली, पण पाडे त्याच्या आधीपासूनचे. याच झाडीत जीशान मिर्झा आणि राजेश सानप या दोन तरुण अभ्यासकांना विंचवाची नवी जात सापडली आणि २०१० मध्ये तिचं शास्त्रीय नाव ठरलं, लायकस आरेएन्सिस. आपल्या वसाहतीचं नाव एका विंचवाच्या नावात आहे हे तुझ्या मुलांना माहीत आहे का? सांग त्यांना. मुंबईच्या वस्तीच्या मधोमध, एकविसाव्या शतकात, कुणी न नोंदवलेला जीव सापडू शकतो, याचं मुलांना किती अप्रूप वाटेल!

तेव्हा पावसाळा लागला की पाड्याची रानभाज्यांची वही कॉम्प्युटरवर करायला घे. शेवळं, टाकळा, कुर्डू, करटोली, तेरं. प्रत्येक भाजीचा फोटो, तुमच्या वारलीतलं नाव, मराठी नाव, कधी उगवते, कुठे उगवते, कशी निवडायची, कशी शिजवायची. शेवळ्याबरोबर काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, हे कुणाला विचारायचं? मोबाईलवरच्या नव्या बोलक्या प्रोग्रॅमला विचारलं तर तो छान मराठीत, ठामपणे काहीतरी सांगेल. कधी बरोबर असेल, कधी साफ चूक असेल, आणि सूर मात्र दोन्ही वेळा तोच. खाण्याच्या बाबतीत तर ते परवडणारंच नाही. म्हणून मुलांना क्रम लावून दे: आधी आजीला विचारायचं, मग पुस्तकात बघायचं, मग वाटलं तर यंत्राला विचारून ताडून पाहायचं आणि आजीचं उत्तर वेगळं निघालं तर तसं वहीत लिहायचं. आजीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून मुलांनी ते ऐकत ऐकत देवनागरीत टाइप करायचं. वारलीत जसं बोलली तसंच. शुद्ध करत बसायचं नाही. शाळेत गेल्यावर जी भाषा पोरं तोंडातच ठेवतात, ती पडद्यावर ठळक अक्षरांत दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघ तू.

किडे-पाखरं ओळखायला आयनॅचरलिस्ट हे ॲप चांगलं आहे. फोटो आधी काढून ठेवता येतात, नेटवर्क मिळेल तिथे गेल्यावर चढवायचे. पण तेरा वर्षांखालच्या मुलांनी स्वतःचं खातं काढायचं नसतं, त्यामुळे एकच खातं तुझ्या नावाने ठेव. फोटोत मुलांचे चेहरे नकोत आणि कुणाच्या घराची जागा दिसायला नको.

इंटरनेटचं म्हणशील, तर त्याच्या भरवशावर राहूच नकोस. खालच्या अंगाला रेंज येत नाही, हे तूच सांगितलंस. कोलिब्री म्हणून एक फुकट व्यवस्था आहे, धडे एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात, आणि मराठीतही वापरता येते. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट नावाचे विज्ञानाचे प्रयोग आहेत, मराठीत भाषांतर झालेले. वीजमंडल जोडून बघा, लंबकाची दोरी कमीजास्त करून बघा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. आणि तुला स्वतःला शिकायचं असेल तर पवई तलावापलीकडची आयआयटी आहे की. त्यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ मराठीतून आहेत, लिनक्स, लिब्रेऑफिस, सगळ्यावर. ते नुसते बघायचे नसतातच, बाजूला खिडकी उघडून पाठाबरोबर करत जायचं असतं. म्हणून मला ते आवडतात.

वीज जाणार, हे धरून चाल. मुंबईच्या हद्दीत असून आरेतल्या काही पाड्यांना वीज किती उशिरा मिळाली हे तुला मी काय सांगणार! यूपीएस नसेल तर मुलांना दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय लाव. पावसाळ्यात मशीन बंद करून झाकून ठेवू नकोस, रोज थोडा वेळ चालू ठेव, आतली ओल जाते. जमिनीवर ठेवू नकोस. विजा कडकडायला लागल्या की प्लग काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. उंदीर वायरी कुरतडतात, त्या भिंतीवर उंच बांधून घे. जुन्या मशीनच्या आतली छोटी बॅटरी संपलेली असते, म्हणून तारीख चुकते आणि मग काही काही चालेनासं होतं. नाण्यासारखी ती बॅटरी स्वस्तात मिळते, घाबरू नकोस.

आणि अंधार पडायच्या आत वर्ग संपव. बिबट्याची वाट ती, त्यात थंडीत साडेसहालाच काळोख होतो. "अजून पाच मिनिटं, ताई," म्हणतील. नाही म्हणजे नाही.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हाचं आठवतंय ना? एका फोनवर तीन भावंडं, तोही बाप कामावरून आल्यावर. त्या वेळी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' मालिका सुरू केली होती, पहिली ते आठवीसाठी. मला तिच्यात भावलं ते हे, की टीव्हीवर असूनही ती मुलांना टीव्हीसमोरून उठवायची. घरातलं, अंगणातलं काहीतरी घेऊन करून बघायला सांगायची. तुझ्या तीन कॉम्प्युटरांकडूनही मला हेच हवंय. मूल पडद्याकडे जाईल त्याहून जास्त वेळा पडद्यापासून उठून बाहेर काहीतरी बघायला, मोजायला, विचारायला जायला हवं.

देणगीदार फोटो काढायला येतील. येऊ देत, चहा दे. पण "सगळी मुलं रांगेत बसवा, एकेकाने माऊस धरून हसा," असं म्हणाले तर नम्रपणे नाही म्हण. मुलांनी काय केलंय ते दाखव, मुलांना दाखवायला उभं करू नकोस. प्रोजेक्टर देतो म्हणाले तर त्याऐवजी यूपीएस माग.

आता मुलींचं. घरातला फोन भावाच्या हातात असतो, हे तुझ्या-माझ्या दोघींच्या घरांत आपण पाहिलंय. सातवी झाली की मुलीच्या हातात कळशी आणि धाकटं भावंड येतं, अभ्यासिकेची वेळ नेमकी तीच. म्हणून आठवड्यातली एक दुपार फक्त मुलींची ठेव, आणि कडेवरच्या पोराला घेऊन आली तर ये म्हण. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली दोन मोठ्या मुलींकडे दे. बिघडलं तर उघडून बघायचं काम त्यांना शिकव, स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दे. गावभर "कॉम्प्युटर बिघडला, त्या पोरींना बोलवा," असं झालं पाहिजे. पुढे त्यांच्यातली कुणी एमएस-सीआयटी करेल, कुणी दहावीनंतर शिकत राहील, कुणाचं लग्न दोन वर्षं पुढे जाईल. हे होईलच अशी खात्री मी कशी देऊ? पण ज्या मुलीवर लोक कामासाठी विसंबतात तिला घरात बसवणं सोपं नसतं.

मशीन येतील त्याच दिवशी त्यांची हार्ड डिस्क पुसून घे, आधीच्या ऑफिसाचं काहीही त्यात राहायला नको. मी शनिवारी येते. लिनक्स, लिब्रेऑफिस आणि कोलिब्री पेन ड्राइव्हमध्ये घेऊन येईन, एक्स्टेंशन बोर्डही माझ्याकडे आहे. मोठ्या मुलींना तेवढं थांबवून ठेव, वायरी त्यांच्याच हातून जोडून घ्यायच्यात.